वाघ्याची शुगर आणि आप्पांचं कारलं

लंडन (ओंटारिओ), कॅनडा
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमचे जावई खुशाल, नात चिनू खुशाल, वाघ्याची आज सकाळची शुगर चौदा. तिकडची खुशाली कळवावी, आणि खरी कळवावी.

पत्र लिहायला कारण घडलं ते असं. परवा धाकट्या काकांचा फोन आला. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव काही न विचारता पहिलाच प्रश्न, "काय गं, कुत्र्याला रोज सुया टोचलालीस म्हणं?" दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या मावशीचा. तिच्या माहितीप्रमाणे वाघ्याला स्वतंत्र फ्रीज आहे आणि त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अमेरिकेहून डॉक्टर येणार आहे. आई, तू उन्हाळ्यात इथून निघालीस ती अणदूरच्या स्टँडवर उतरल्यापासून घरापर्यंत काय काय सांगत गेलीस, ते आता मला सगळ्या नातेवाइकांकडून हप्त्याहप्त्यानं कळतंय. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. फोनवर आप्पांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं ते ऐकत नाहीत. पत्र निदान पारावर वाचून तरी दाखवतील.

आप्पा, वाचून दाखवताना वर 'ओंटारिओ' लिहिलंय तेही वाचा. तुम्ही अजून पोरगी राणीच्या लंडनला दिल्याचं सांगता असं कळलं. इथंही थेम्स नदी आहे, ऑक्सफर्ड स्ट्रीट आहे, व्हिक्टोरिया पार्क आहे. राजवाडा तेवढा नाही, आणि थंडी मात्र राजवाड्याच्या हिशेबानं जास्त आहे.

तर वाघ्या. मिनिएचर श्नाउझर जातीचा, मूळ जर्मन, दाढी-मिशा-भुवया सगळं जिथल्या तिथं. नऊ वर्षांचा. तो पहिल्यापासून गोल होता आणि आम्हाला तो गोलच आवडायचा. गेल्या दिवाळीच्या आसपास त्यानं पाणी प्यायला सुरुवात केली. म्हणजे आधीही प्यायचा, पण आता भांडं संपलं की भांड्याजवळ बसून भुंकायचा आणि तेही संपलं की संडासात तोंड घालायला बघायचा. रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावं लागायचं. बाहेर उणे पाच, अंगावर तीन थर चढवून एक माणूस उभा, आणि वाघ्या शांतपणे एकेका झाडाला न्याय देतोय. खाणं दुप्पट झालं आणि अंग मात्र उतरत चाललं. तुमचे जावई म्हणाले, "फिरवल्याचा गुण आलाय." मला तेव्हाच शंका आली, कारण आप्पा, ही सगळी लक्षणं मी आपल्या घरात पाहिलेली आहेत. फक्त त्या पेशंटला दाढी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त बघितलं, लघवीत पट्टी बुडवली आणि सांगितलं, शुगर चोवीस, लघवीतही साखर उतरलीय. मी घाबरून तुम्हाला फोन लावला, तर आप्पा म्हणाले, "चोवीस? मग कमीच हाय की. माझी दोनशेऐंशी असतीय, मी काय भुंकलालोय का?" तेव्हा लाइन कट झाली, म्हणून खुलासा आत्ता करते. तिकडे शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथं मिलिमोलमध्ये. इथल्या आकड्याला अठरानं गुणायचं. चोवीस गुणिले अठरा, चारशे बत्तीस. म्हणजे वाघ्या तुमच्याही पुढं होता. धडधाकट कुत्र्याची शुगर तुमच्या मापात साधारण ऐंशी ते एकशेवीस असते. ती दोनशेच्या आसपास किंवा वर गेली की मूत्रपिंडाला सगळी साखर धरून ठेवता येत नाही, ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून ते पाणी पिणं, म्हणून ती झाडं. आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, कारण साखर रक्तात असून पेशींच्या दारात उभी. आत घेणारं इन्सुलिनच नाही.

तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे: मग गोळी का देत नाहीत, सुयाच कशाला? कुत्र्यांच्या मधुमेहात बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात. गोळी कुणाला हलवून जागं करणार? त्यामुळे दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, जेवणासोबत इन्सुलिन, आणि तेही जन्मभर. तुमच्यासारखी शुगर, म्हणजे वजन वाढलं, इन्सुलिन आहे पण लागू पडत नाही, ही साधारण मांजरांना होते. यात अपमान मानू नका, शास्त्र आहे.

आता सुयांचं. आई जे सांगतीय त्यात 'रोज दोन' एवढंच खरं आहे. 'दाभणाएवढी' हे खोटं. सुई अर्ध्या इंचाची आणि केसासारखी बारीक. सकाळी सात वाजता वाघ्या जेवतो. मापलेलंच खाणं, रोज तेच, त्याच वेळी. त्यानं वाटी चाटून पुसून ठेवली की मी फ्रीज उघडते. फ्रीज आमचाच, वेगळा नाही. बाटलीत औषधाचा साका खाली बसलेला असतो, तो मिसळून एकसारखं दुधाळ करायचं, सिरिंजमध्ये रेघेवर ओढायचं, बुडबुडा असला तर घालवायचा. तोवर वाघ्या आपणहून येऊन माझ्याकडे पाठ करून बसलेला असतो. मानेमागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलली की तिचा छोटा तंबू होतो. त्या तंबूच्या दारात सुई. रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर गाठी होतात. बस. कान हलत नाही त्याचा. मग चिनू त्याला उकडलेली फरसबीची एक शेंग देते आणि ती तो अशा थाटात खातो की बघणाऱ्याला वाटावं आत बेसन आहे.

आप्पा, तुम्ही आपल्या शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यायची असली की एकेक शेळी गुडघ्यात धरून उभे राहता. उस्मानाबादी शेळीसारखं चपळ जनावर तुमच्या हातातून सुटत नाही. आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला इन्सुलिन लिहून दिल्यापासून तुमचा जो पळ सुरू आहे, तो धरायला आईला अजून गुडघा सापडत नाही. असो. त्यावर शेवटी येते.

फ्रीजच्या दारावर आम्ही कागद चिकटवलाय. सकाळ, संध्याकाळ, कुणी टोचलं, सही. घरात दोन मोठी माणसं आणि दोघांचीही माया अनावर, त्यामुळे 'तू दिलंस का, मी देतो' यात डबल डोस जाऊ शकतो, आणि डबल डोस कुत्र्याच्या जिवावर बेततो. डॉक्टरीणबाईंचा नियम सोपा आहे: दिलं की नाही अशी शंका आली तर द्यायचं नाही. सुई टोचताना कुत्रा हलला आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं हे कळेना, तरी पुन्हा द्यायचं नाही. एक वेळ चुकली तर शुगर थोडी चढेल. दोनदा गेलं तर कुत्रा फेफरं येऊन पडेल. आणि त्यानं खाल्लंच नाही किंवा उलटी केली, तर नेहमीचा डोस ठोकायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन.

शुगर फार खाली गेल्याची खूण म्हणजे पाय लटपटणं, भिंतीकडे बघत राहणं, थरथर, मग झटके. त्यासाठी घरात तीन जागी मेपल सिरपच्या छोट्या बाटल्या ठेवल्यात. झाडाच्या पाण्याची आटवलेली काकवी म्हणा ना, इथं तेच पिकतं. कुत्रा गळपटला की ते बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. अजून वेळ आली नाही. चिनूवर मात्र रोज येते. सिरपची एक बाटली आपोआप कमी होतीय.

वेळेचा जाच तेवढा आहे. इथले सकाळचे सात म्हणजे सध्या तुमचे दुपारचे साडेचार, आणि इथले संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे पहाटेचे साडेचार. आई नेमकी काकड्याला उठते आणि व्हिडिओ कॉल लावते. त्यामुळे आजवर तिला माझा चेहरा कमी आणि वाघ्याची पाठ जास्त दिसलेली आहे. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं सरकार घड्याळ एक तास मागं घेतं. माणसं झोपून तो तास वसूल करतात. वाघ्याच्या पोटाला तो जीआर पोहोचत नाही. तो जुन्या सातला, म्हणजे नव्या सहाला, उशाशी येऊन उभा. मग रोज पाव-पाव तास सरकवत त्याला सरकारी वेळेवर आणावं लागतं.

आता आई, तुझं प्रकरण. हे पारावर वाचायचं नसेल तर आप्पांनी इथं खोकावं.

उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा येताना कुंथलगिरीचे पेढे आणलेस. भूम तालुक्यातल्या त्या खव्याला आता सरकारी भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे त्याच्या चवीबद्दल मी बोलणं बरं नाही. दुपारी आम्ही कामावर, चिनू शाळेत, घरात तू आणि वाघ्या. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी घरी 'कर्व्ह' काढायला सांगितला होता. म्हणजे सकाळच्या इन्सुलिनपासून दर दोन तासांनी कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, मीटरवर बघायचा आणि दिवसभराचा आलेख काढायचा. मीटरही कुत्र्यांसाठीचा घ्यावा लागतो. माणसांचा मीटर कुत्र्याचा आकडा चुकवतो. औषधाचा जोर भर दुपारी असतो, म्हणजे आकडा तेव्हा सगळ्यात खाली हवा. आमच्या आलेखात भर दुपारी एकवीस. तुमच्या मापात पावणेचारशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोस वाढवावा लागेल.

डोस वाढणारच होता. पण संध्याकाळी चिनूनं वाघ्याची दाढी विंचरायला घेतली आणि तिच्या कंगव्यात पांढरट, रवाळ काहीतरी अडकलं. तिनं ते हुंगलं, जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "आजी, हा पेढा आहे."

त्यावर तू जे म्हणालीस ते मी अजून ऐकवते लोकांना: "खंडोबाचं जित्राब हाय, उपाशी बघवतंय व्हय?"

आई, उपाशी नव्हता तो, नुकताच जेवला होता. आणि नुसती शुगर चढली असती तरी एक वेळ चाललं असतं. गंमत अशी की तुझ्या पेढ्यावर डोस वाढला असता, तू पुढच्या महिन्यात विमानात बसली असतीस, पेढे बंद झाले असते आणि वाढलेला डोस तसाच राहिला असता. मग वाघ्या पडला असता. शिवाय श्नाउझरच्या रक्तात चरबीचं प्रमाण मुळातच चढं असतं आणि तूप-खव्यानं त्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ज्या अवयवानं आधीच राजीनामा दिलाय, त्यालाच तू सत्कार करून मारत होतीस.

एकादशीचंही तसंच. घरात उपास तर कुत्र्यालाही साबुदाणा, हा न्याय तुझा. इन्सुलिनवर असलेल्या जनावराला उपास नसतो आणि साबुदाणा म्हणजे तर निव्वळ पिष्ट. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास कुत्र्याला दिल्याशिवाय नैवेद्य पुरा होत नाही, हे मलाही कळतं, अणदूरचीच आहे मी. पण भरतात कांदा-लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. शुगर असो नसो, कुठल्याही कुत्र्याच्या. यंदा वाघ्याचा घास म्हणजे बिनकांद्याचं, बिनतेलाचं भाजलेलं वांगं, तेही त्याच्या मापातलं. मल्हारी चालवून घेईल. आणखी एक: तू आप्पांसाठी 'शुगरफ्री' गोळ्या-बिस्किटं घेतेस ती गल्लीतल्या कुत्र्यांना टाकू नकोस. त्यांतल्या काहींत झायलिटॉल नावाची गोडी असते. माणसाला चालते, कुत्र्याला विष. त्याच्या अंगातलं इन्सुलिन एकदम उसळतं, शुगर कोसळते, पुढं यकृतही जातं.

आणि एक गोष्ट तुला मी मुद्दाम इतक्या लांबूनच सांगतीय. वाघ्याचं इन्सुलिन डुकराचं आहे. डुकराचं आणि कुत्र्याचं इन्सुलिन तंतोतंत एकच असतं, एका दाण्याचाही फरक नाही, म्हणून. माणसाच्यात एका दाण्याचा फरक आहे. ती बाटली फ्रीजमध्ये तुझ्या तुळशीच्या चहाच्या डब्याशेजारी होती. आता झालं ते झालं, गोमूत्र शिंपडायला तू इथं येऊ नकोस.

डोळ्यांचंही खरं ते सांगते. शुगर झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथं तिचं रूप बदलतं, ते पाणी ओढतं आणि भिंग पांढरं पडतं. वाघ्याचे दोन्ही डोळे दुधाळ झालेत. ऑपरेशन होतं, माणसासारखंच, भिंगसुद्धा बसवतात. डॉक्टर इथलाच आहे, अमेरिकेचा नाही. आधी शुगर नीट बसू दे म्हणालेत. तोवर घरातला सोफा, टेबल, टीपॉय जागचं हलवायचं नाही एवढंच. बाकी वास आणि कान आहेत की. जावई फ्रीज कितीही हळू उघडोत, आंधळा वाघ्या त्यांच्याआधी तिथं हजर.

खर्चाचं आप्पा विचारतीलच. इथं आपल्याला डॉक्टरकडे गेलं तर बिल येत नाही, प्रांताचं सरकार भरतं. कुत्र्याला ती सवलत नाही. त्यामुळे या घरात दवाखान्याचं बिल ज्याच्या नावानं येतं असा सदस्य एकच, आणि तो टॅक्स भरत नाही.

मागं आम्ही दोन दिवस नायगाराला गेलो तेव्हा वाघ्याला लातूरच्या पाटलांकडे ठेवलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, आपला खंडोबा अणदूरहून नळदुर्गाजवळ मैलारपूरला राहायला जातो, मूर्ती एकच आणि देवळं दोन, तेव्हा दोन्हीकडचे मानकरी बसून लेखी करार करतात. देवाचा करार होतो तर वाघ्याचा का नको? चार पानी कागद केला: किती ग्रॅम खाणं, किती वाजता, किती युनिट, बाटली फ्रीजच्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नाही, नाही खाल्लं तर कुणाला फोन, सिरप कुठं. पाटलीणबाईंनी प्रत्येक पानावर सही केली. परत आणायला गेलो तर पाटलांनी वाघ्याच्या तक्त्याशेजारी स्वतःच्या शुगरचा रकाना आखलेला. म्हणाले, कुत्र्यासमोर आपलं मोजलं नाही तर बरं दिसत नाही.

आता मुद्द्याकडे येते. आई, तुला आम्ही ॲडलेड स्ट्रीटवरचं एक पिवळ्या विटांचं घर दाखवायला नेलं होतं आणि तू म्हणालीस, "पलंग बघायला एवढ्या लांब?" त्या पलंगावर फ्रेडरिक बँटिंग नावाचा डॉक्टर झोपायचा. गावात नवा दवाखाना टाकलेला, पेशंट फिरकत नाही, पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर. पोटासाठी कॉलेजात शिकवायचा. ३१ ऑक्टोबर १९२० ला पहाटे दोन वाजता तो उठला आणि वहीत दोन-चार ओळी खरडल्या: कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळ्या बांधून आतला रस वेगळा काढता येईल का. त्या ओळींत 'डायबेटिस'चं स्पेलिंगसुद्धा चुकलंय.

कुत्रा का, तर त्याच्याही आधी, १८८९ साली, स्ट्रासबर्गला फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं होतं आणि तो जिथं तिथं लघवी करायला लागला. लघवी तपासली तर साखर. शुगरचं मूळ कुठं आहे हे जगाला त्या कुत्र्यानं सांगितलं. मग १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोला बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट नावाचा पोरगेला मदतनीस, मॅक्लाउड सरांच्या प्रयोगशाळेत, एकेका कुत्र्यावर तो रस टोचून बघत होते. कितीतरी कुत्री गेली. मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडाशिवाय, नुसत्या त्या रसावर, सत्तरएक दिवस जगली. कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञानं तो रस, म्हणजेच इन्सुलिन, शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या पोराला तो दिला आणि पोरगं उठून बसलं. त्याआधी अशा पोरांना उपाशी ठेवून मरण थोडं लांबवणं, एवढाच इलाज होता. १९२३ ला नोबेल. आणि पेटंट? टोरंटो विद्यापीठाला दिलं, एकेका डॉलरला. चौदा नोव्हेंबरला तुमच्या शाळेत बालदिन असायचा ना, तोच बँटिंगचा जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक मधुमेह दिन.

आप्पा, तुम्ही वर्षभर रोज सकाळी कारल्याचा रस पिताय, मेथ्या भिजवून चावताय, आणि वर 'इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही' म्हणताय. सुटत नाही हे वाघ्याच्या बाबतीत खरं आहे. तुमच्या बाबतीत डॉक्टर ठरवतील, पार ठरवणार नाही. आईनं सांगितलं की त्यांनी लिहून दिलेली बाटली तुम्ही आणली, फ्रीजच्या दारात ताकाशेजारी ठेवली आणि अजून सील फोडलं नाही. ती आधी दारातून काढून आतल्या कप्प्यात ठेवायला सांगा आईला. आणि एवढं लक्षात घ्या की जे औषध घ्यायला तुम्ही कचरताय, ते माणसाच्या आधी कुत्र्यांनी घेऊन दाखवलंय. खंडोबाच्या माणसाला याहून मोठा कौल कुठला हवा?

गुरुजींच्या मोत्या कुत्र्याचंही कळलं. खूप पाणी पितोय, वाळलाय आणि गुरुजी म्हणतात उन्हाचं आहे. नुसतं उन्हाचं समजू नये. मेडिकलमध्ये लघवीची पट्टी मिळते, पळी लांब दांड्याची घेऊन लघवी धरावी आणि बघावी. साखर दिसली तर ढोराच्या दवाखान्यात न्यावं, तिथं जमलं नाही तर उदगीरला जनावरांचं सरकारी कॉलेज आहे. उशीर करू नये. अशा कुत्र्यानं खाणं सोडलं, उलट्या लागल्या, की रक्त आंबायला लागलेलं असतं आणि मग घरच्या उपायानं भागत नाही. आणि गुरुजींना निक्षून सांगा, तुमच्या बाटलीतलं अंदाजानं मोत्याला टोचायचं नाही. माणसाचं इन्सुलिन कुत्र्याला चालतं, पण किती ते जनावरांच्या डॉक्टरनंच ठरवायचं. शिवाय आपल्याकडच्या बाटलीत मिलिलिटरला चाळीस युनिट असतात आणि पेनच्या औषधात शंभर. सिरिंजही वेगवेगळी: चाळीसची लाल टोपीची, शंभरची केशरी. एकाची दुसऱ्याला लावली तर डोस अडीच पट इकडे नाहीतर तिकडे. हे मोत्यालाही लागू आणि तुम्हालाही. मोत्याऐवजी कुत्री असती आणि तिचं ऑपरेशन झालेलं नसतं, तर ते करून कधीकधी शुगर उतरतेही. मोत्याला तो मार्ग नाही.

तर आप्पा, पत्र मिळताच सोलापूरला जावं, तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्यावी आणि डॉक्टरांसमोर ती बाटली उघडावी. पहिली सुई तिथंच टोचून घ्या, म्हणजे धीर येईल. आकडा फोनवर सांगू नका, तुम्ही फोनवर नेहमी शंभर-दीडशे कमी सांगता; कागदाचा फोटो पाठवा. इकडे फ्रीजवरच्या तक्त्यात वाघ्याच्या खाली तुमचा रकाना आखून ठेवलाय, चिनू रोज विचारतीय. तो चौदा नोव्हेंबरच्या आत भरला पाहिजे.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
बाळी

ता. क. दिवाळीच्या पार्सलात चकली, शेव, कडाकण्या पाठवाव्यात. पेढे पाठवायचे झाले तर जावयांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावेत.